नहेम्याच्या भिंतीवरच थांबू नका, पाचवा अध्याय पण वाचा

१२ नोव्हेंबर २०२४ ला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. आपल्याकडे ही बातमी एका दिवसात वाहून गेली, पण ती वाटते तितकी लांबची नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सीएनआय म्हणतो आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मराठी मंडळ्या ज्यात येतात, ते जगभरच्या अँग्लिकन परिवाराचं सदस्य आहे आणि कँटरबरीचा आर्चबिशप हा त्या परिवाराचा मानाचा प्रमुख. राजीनाम्याच्या पाच दिवस आधी मेकिन रिपोर्ट नावाचा चौकशी अहवाल बाहेर आला होता. जॉन स्माइथ नावाचा एक नामांकित वकील, मुलांच्या ख्रिस्ती शिबिरांशी जोडलेला, त्याने इंग्लंडमध्ये आणि नंतर आफ्रिकेत मिळून शंभराहून जास्त मुलांचा आणि तरुणांचा अमानुष छळ केला होता. वेल्बींना हे २०१३ मध्ये कळलं होतं आणि तरी त्यांनी पुरेसा पाठपुरावा केला नाही असा ठपका रिपोर्टमध्ये होता. स्माइथ २०१८ मध्येच वारला, कोर्टात उभा न राहता.

असं काही झालं की मग लीडरशिपवर सेमिनार भरतात. आणि सेमिनार भरला की बायबलमधला नहेम्या येतोच. पहिल्या स्लाईडवर पडकी भिंत, दुसऱ्या स्लाईडवर '५२ दिवस', तिसऱ्यावर व्हिजन, टीमवर्क, प्लॅनिंग वगैरे, चहा, आणि शेवटी बिल्डिंग फंडासाठी आवाहन. यातलं काही चूक आहे असं नाही. पण मला कायम वाटत आलंय की ज्या गोष्टीसाठी आजच्या मंडळ्यांना नहेम्याची खरी गरज आहे ती भिंतीच्या अध्यायांत नाहीच, ती पाचव्या आणि तेराव्या अध्यायात आहे, आणि तिथवर पोहोचेपर्यंत सेमिनार संपलेला असतो.

आधी थोडक्यात, हा नहेम्या कोण

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी. बाबेलच्या लोकांनी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला यरुशलेम उद्ध्वस्त केलं, लोकांना पकडून नेलं. पुढे पारसी म्हणजे इराणी साम्राज्य आलं, त्यांनी परतायची परवानगी दिली, लोक परत आले, मंदिर पुन्हा बांधून झालं, पण शहराची भिंत पडलेलीच. त्या काळात भिंत नसलेलं शहर म्हणजे कुणीही यावं आणि लुटून जावं अशी परिस्थिती.

नहेम्या तेव्हा तिकडे लांब शूशनच्या राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. प्यालेबरदार म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा. हे वेटरचं काम नव्हे हां, राजाला विष घालून मारायची भीती कायम असायची, त्यामुळे या जागेवर अगदी विश्वासातला माणूस लागायचा. त्याचा भाऊ हनानी यहूदातून, म्हणजे यरुशलेमच्या मुलखातून आला, त्याने तिकडची अवस्था सांगितली, नहेम्या रडला, उपास केला, किसलेव ते नीसान असे जवळजवळ चार महिने प्रार्थना करत थांबला आणि मग राजाने विचारलं तेव्हा रजा मागितली. इ.स.पू. ४४५ च्या आसपास तो यहूदाचा सुभेदार म्हणून यरुशलेमला आला. तीन दिवस गप्प राहिला, मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडक्या भिंतीची पाहणी केली, मग लोकांना बोलावलं, आणि ५२ दिवसांत भिंत उभी राहिली.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. तो याजक नव्हता, संदेष्टा नव्हता, आजच्या भाषेत पाळक किंवा फादर नव्हता. तो सरकारी माणूस होता. त्यामुळे 'हे सगळं पाळकसाहेबांनी शिकावं' असं म्हणून कमिटी, खजिनदार, ट्रस्टी, युवक संघाचा अध्यक्ष यांना सुटता येत नाही, उलट हे जास्त त्यांच्यासाठीच आहे.

तिसरा अध्याय कंटाळवाणा आहे, तरी वाचा

भिंतीबद्दल फार लिहिणार नाही, ते सगळीकडे आहे. पण तिसऱ्या अध्यायात जी नावांची लांबलचक यादी आहे, जी वाचताना उपासनेत लोक पेंगतात, तिच्यात कुणी कुठला तुकडा बांधला हे नावानिशी दिलंय. सोनार आहेत, गांधी म्हणजे सुगंधी द्रव्यं बनवणारे आहेत, शल्लूम नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली भिंत बांधतायत. तकोवाचे लोक आहेत आणि पुढेच लिहिलंय की त्यांच्यातल्या बड्या लोकांनी खांदा लावला नाही. म्हणजे काम केलेल्यांची नोंद, न केलेल्यांचीही नोंद. आणि या यादीत आपल्या नहेम्याचं नाव नाही (एक नहेम्या आहे, पण तो अजबूकचा मुलगा, वेगळा माणूस). चर्चच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर कोणाकोणाची नावं असतात ते एकदा जाऊन बघा आणि मग ही यादी वाचा.

पाचव्या अध्यायात नक्की काय झालं

भिंत अर्ध्यावर आलीय. बाहेर शत्रू टपून आहेत, लोक एका हाताने काम करतायत आणि दुसऱ्या हातात शस्त्र आहे. आणि अशा ऐन वेळी एक मोठी ओरड होते. ओरड बाहेरच्यांविरुद्ध नाही, आपल्याच यहूदी भाऊबंदांविरुद्ध. आणि पुस्तकात मुद्दाम लिहिलंय की लोक आणि त्यांच्या बायका ओरड करत होत्या.

तक्रारी तीन. पहिल्या लोकांकडे खायला धान्य नाही आणि घरात तोंडं जास्त. दुसऱ्यांनी दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत. तिसऱ्यांनी राजाचा कर भरायला कर्ज काढलंय. कर्ज फिटत नाही म्हणून मुलं-मुली गुलाम म्हणून द्यावी लागतायत, काही मुली तर आधीच गेल्यात, आणि सोडवायचं तर हातात काही नाही कारण शेतं दुसऱ्यांच्या ताब्यात. सावकार कोण? आपलेच श्रीमंत भाऊ. व्याज शंभरामागे एक, बरेच अभ्यासक ते महिन्याचं धरतात, म्हणजे आपल्या गावाकडच्या भाषेत शेकडा एक.

समजा एखाद्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय. टॉवर उभा राहतोय, चेअरमन रोज साइटवर, ग्रुपवर फोटो येतायत, सगळे अंगठे दाखवतायत. आणि मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू उठून म्हणतात की भाड्याचे पैसे चार महिने आले नाहीत आणि कमिटीतल्याच एका मेंबरने मला कर्ज देऊन माझ्या घराचे कागद ठेवून घेतलेत. बहुतेक चेअरमन काय म्हणतील तुम्हाला माहितीये. 'काकू, विषय आत्ता टॉवरचा चाललाय.' किंवा 'बिल्डरच्या माणसांनी तुम्हाला भडकवलंय का?'

नहेम्या यातलं काहीच म्हणाला नाही. त्याला राग आला, हे तो स्वतः लिहितो. मग मनाशी विचार केला, हेही लिहितो, म्हणजे राग आला त्या क्षणी सुटला नाही. मग बड्या लोकांना आणि अधिकाऱ्यांना तोंडावर सुनावलं, मोठी सभा भरवली, सगळ्यांदेखत विचारलं. ते गप्प. आणि मग जे तो बोलला ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मी, माझे भाऊ, माझी माणसं, आम्हीही पैसा आणि धान्य उसनं दिलंय, आता आपण सगळेच हे सोडू या. म्हणजे बोट दाखवताना त्याने स्वतःला बाजूला काढलं नाही. शेतं, मळे, घरं, व्याज, सगळं आजच्या आज परत करा. ते हो म्हणाले, तर त्यावर विसंबला नाही, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली.

भिंतीचं काम चालू असताना हे झालं. भिंत होऊ दे मग बघू, असं नाही.

सनबल्लट कोण आणि ओरडणारी बाई कोण

पुस्तकात नहेम्याला दोन प्रकारचे आवाज ऐकू येतात. एक सनबल्लट, तोबीया, गेशेम या मंडळींचा. सनबल्लट हा कुणी किरकोळ टवाळखोर नव्हता, तो शेजारच्या शोमरोन प्रांताचा अधिपती होता. नाईल नदीतल्या एलेफंटाईन बेटावर सापडलेल्या इ.स.पू. ४०७ च्या एका पत्रात 'शोमरोनचा अधिपती सनबल्लट' याच्या मुलांचा उल्लेख आहे, म्हणजे बायबलच्या बाहेरही हा माणूस सापडतो. याच्या हातात सत्ता होती. तो हसला, मग हल्ल्याची धमकी दिली, मग चार वेळा निरोप पाठवला की ओनोच्या मैदानात ये, बोलू. नहेम्याने चारही वेळा एकच उत्तर दिलं: मी मोठ्या कामात आहे, मला यायला जमत नाही.

दुसरा आवाज पाचव्या अध्यायातला. आतला. उपाशी लोकांचा, ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांचा.

पहिल्या आवाजासाठी तो काम सोडून खाली उतरला नाही, दुसऱ्यासाठी त्याने मोठी सभा भरवली. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला लीडरशिपचा धडा एवढाच आहे, आणि तो आज नेमका उलटा शिकवला जातो. मंडळीत कुणी हिशोब विचारला की तो सनबल्लट. कुणी मुलीने तक्रार केली की सैतान सेवाकार्यावर हल्ला करतोय. आणि खरोखर ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी आहेत ते बोलवतील त्या मैदानात आपले पुढारी फुलांचा गुच्छ घेऊन हजर.

उदाहरण हवं असेल तर रवी झकरायस यांचं घ्या. १९४६ मध्ये मद्रासला जन्मलेला हा माणूस, ख्रिस्ती विश्वासाची बुद्धीने बाजू मांडणारा जगातला एक फार मोठा वक्ता, आपल्याकडे कितीतरी तरुणांनी त्यांची व्याख्यानं ऐकलीत. २०१७ मध्ये एका स्त्रीची तक्रार पुढे आली, तेव्हा झकरायस यांनी तिच्यावरच पैसे उकळण्याचा आरोप करत कोर्टात दावा लावला आणि संस्था त्यांच्या पाठीशी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेने स्वतः नेमलेल्या वकिलांचा रिपोर्ट आला, त्यात बऱ्याच स्त्रियांशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाचे पुरावे होते, आणि संचालक मंडळाला त्या पहिल्या स्त्रीवर आपण विश्वास ठेवायला हवा होता असं जाहीरपणे मान्य करावं लागलं. इतकी वर्षं ती त्यांच्यासाठी सनबल्लट होती.

फरक ओळखायचा कसा, असं कुणी विचारेल. नहेम्यावरून बघितलं तर पहिला प्रश्न हा की बोलणाऱ्याच्या हातात ताकद किती आहे, आणि दुसरा, ही तक्रार खरी निघाली तर नुकसान कुणाचं होणार. भुकेलेल्या माणसाची ओरड खरी निघाली तर नुकसान श्रीमंतांचं आणि कदाचित नहेम्याचंही. म्हणूनच ती ऐकायला जिगर लागते.

भत्ता सोडला, जमीन घेतली नाही

पाचव्या अध्यायाच्या शेवटी नहेम्या आपला हिशोब देतो. राजाच्या विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत, म्हणजे १२ वर्षं, त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी घ्यायचे, आणि पुढे लिहिलंय की त्यांचे नोकरसुद्धा लोकांवर हुकमत गाजवायचे. (हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला कुठल्याही साहेबाच्या बंगल्यावरचा शिपाई माहीत असणार.) नहेम्याच्या पंक्तीला रोज १५० माणसं, एक बैल, सहा निवडक मेंढरं, कोंबड्या, आणि तरी त्याने भत्ता मागितला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं.

आणि आणखी एक ओळ आहे जी पटकन निसटते. आम्ही जमीन विकत घेतली नाही. बघा ना, दुष्काळ, कर्जबाजारी शेतकरी, मातीमोल भाव, वरून सुरक्षित भिंत होतेय म्हणजे भाव वाढणार हे सगळ्यात आधी कुणाला माहीत? सुभेदाराला. आणि त्याने एक तुकडा घेतला नाही.

महाराष्ट्रात मंडळ्यांच्या भांडणांच्या मुळाशी कितीदा जमीन असते हे मी वेगळं सांगायला नको. मिशनऱ्यांच्या काळातल्या जागा तेव्हा गावाबाहेर होत्या, आज भर बाजारात आहेत. कायदा आहे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे ट्रस्टची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हिशोबांचं ऑडिट लागतं. पण परवानगी मिळणं वेगळं आणि मंडळीला माहीत असणं वेगळं. बऱ्याच ठिकाणी रविवारी येणाऱ्या माणसाला आपल्या चर्चच्या नावावर किती जागा आहे हेच माहीत नसतं.

मग काय पाळकाने फुकट काम करायचं?

ही शंका हमखास येते, आणि येऊ दे, कारण नहेम्याचा हा भाग वापरून मंडळ्या पाळकांना उपाशी ठेवतात. 'नहेम्याने घेतलं नाही, तुम्ही कसं मागता?' अहो, नहेम्या राजाच्या पदरी होता, त्याला परवडत होतं.

आणि तोच नहेम्या तेराव्या अध्यायात काय करतो बघा. लेव्यांना, म्हणजे मंदिरातल्या सेवकांना आणि गायकांना, त्यांचा वाटा मिळाला नव्हता म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. नहेम्याने अधिकाऱ्यांना झापलं की देवाचं मंदिर असं का सोडलंत, सेवकांना परत बोलावून जागेवर उभं केलं, आणि मग सगळ्या यहूदाने दशांश आणला, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. स्वतःचा हक्क सोडला, दुसऱ्यांचा मिळवून दिला. हे दोन्ही एकत्र वाचायचं असतं. नव्या करारातला प्रेषित पौलही करिंथच्या मंडळीला हेच लिहितो की सुवार्ता सांगणाऱ्याचा पोट भरायचा हक्क आहे, मी तो वापरला नाही ही माझी गोष्ट. हक्क ज्याचा त्यानेच सोडायचा असतो, कमिटीने ठराव करून दुसऱ्याचा सोडायचा नसतो.

साहेब गेले आणि तोबीयाने खोली घेतली

१२ वर्षांनी नहेम्या राजाकडे परत गेला. काही काळाने पुन्हा आला तर काय, एल्याशीब याजकाने मंदिराच्या आवारातली एक मोठी खोली तोबीयाला देऊन टाकलेली. तोच तोबीया, भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल म्हणून हसणारा. ती खोली अर्पणाचं धान्य, तेल, दशांश ठेवायची होती. म्हणजे लेव्यांचं पोट जिथून भरायचं ती कोठारच पाहुण्याचा बंगला झाली. आणि हे अचानक नव्हतं, तोबीयाची सोयरीक बड्या घरांत होती, भिंतीच्या काळातही पत्रापत्री चालू होती हे सहाव्या अध्यायात आलंय. नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोली शुद्ध करून घेतली.

नहेम्याइतका स्वच्छ माणूस १२ वर्षं होता आणि तो गेल्यावर सगळं घसरलं. का? मला वाटतं कारण कारभार त्याच्या स्वभावावर चालत होता, व्यवस्थेवर नाही. आणि हे त्यालाही उमगलं असावं, कारण या वेळी त्याने कोठारावर चार माणसं नेमली: एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि मदतीला हानान. वेगवेगळ्या गटांतले, आणि कारण दिलंय की ते विश्वासू समजले जात होते. चौघं, आणि वेगवेगळ्या गटांतले, म्हणजे एकाला फितवून भागणार नाही.

इथे मी थोडा खोडसाळपणा करतो. भिंत झाल्यावर यरुशलेमवर त्याने कुणाला नेमलं होतं? सख्ख्या भावाला, हनानीला, आणि जोडीला हनन्याला. हनन्याबद्दल लिहिलंय की तो विश्वासू आणि इतरांपेक्षा जास्त देवाचं भय बाळगणारा होता. हे कारण हनन्यालाच लावलेलं दिसतं. भाऊ लायक असेलही, शूशनला बातमी घेऊन धावत आलेला तोच. पण 'नहेम्याने भावाला नेमलं' हे वचन सांगून आज मुलगा, सून, जावई यांना ट्रस्टवर बसवणाऱ्यांनी तेराव्या अध्यायातले चौघे पण वाचावेत, त्यांच्यात त्याचा कुणी नातेवाईक असल्याचं लिहिलेलं नाही.

'अभिषिक्ताला हात लावू नका'

हिशोब विचारला की हे वचन येतं. परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नको. हे कुठलं? दावीद गुहेत आहे, शौल राजा त्याला मारायला शोधत तिथेच येतो, माणसं म्हणतात मार आत्ताच, आणि दावीद म्हणतो मी माझा हात त्याच्यावर टाकणार नाही. हात टाकणं म्हणजे ठार मारणं. प्रश्न विचारणं नव्हे. कारण त्यानंतर लगेच दावीद बाहेर येऊन शौलाला हाक मारतो आणि त्याच्या माणसांदेखत विचारतो की तू लोकांचं ऐकून माझा पाठलाग का करतोस, हा बघ तुझ्या झग्याचा तुकडा माझ्या हातात. पुरावा दाखवून जाब विचारला. तेही अभिषिक्तालाच.

आणि पौल, ज्याच्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचणार नाही, तो यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो आणि कारण लिहितो की या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष देऊ नये, देवासमोरच नाही तर माणसांसमोरही चांगलं दिसावं. पौलाला साक्षीदार चालले, तर मग आपल्या खजिनदाराला अपमान का वाटावा?

बरं, पण त्याने लोकांचे केस उपटले त्याचं काय

हो, उपटले. तेराव्या अध्यायात परक्या स्त्रियांशी लग्न केलेल्यांना तो शाप देतो, काहींना मारतो, केस उपटतो. हे लपवायचं कशाला. गंमत बघा, त्याच प्रश्नावर आधी एज्रा शास्त्र्याने काय केलं होतं? त्यानेही केस उपटले, पण स्वतःचे. दोघांतलं कुठलं उदाहरण घ्यायचं ते सरळ आहे. आणि त्या लग्नांच्या प्रश्नावरही पवित्र शास्त्रात एकच सूर नाही, मवाबी, म्हणजे परकीच असलेली रूथ दावीद राजाची पणजी आहे हे त्याच शास्त्रात आहे.

बायबलमध्ये एखादी गोष्ट घडलेली लिहिलीय म्हणजे ती करा असं सांगितलंय असं होत नाही. शिवाय या पुस्तकाचा मोठा भाग नहेम्याने स्वतः, 'मी मी' करत लिहिलेला आहे आणि मधूनमधून तो म्हणतो, हे माझ्या देवा, हे माझ्या कल्याणासाठी स्मर. म्हणजे हा पुढाऱ्याचा स्वतःचा रिपोर्ट आहे. ज्यांचे केस उपटले गेले त्यांची बाजू आपल्याकडे नाही. आजही वार्षिक अहवाल पुढारीच लिहितो, त्यामुळे तो वाचताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं. मंडळीत शिस्तीच्या नावाखाली कुणी लोकांना स्टेजवरून शाप देत असेल, घरच्या लग्नावरून बाहेर काढत असेल, तर त्याला नहेम्याचं लायसन मिळत नाही.

आमची तर चाळीस घरांची मंडळी, आम्ही काय करणार

हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो, की हे सगळं मोठ्या डायोसिससाठी, म्हणजे बिशपच्या प्रांतासाठी ठीक आहे. उलट लहान मंडळीत सोपं असतं. अर्पण एकट्याने घरी नेऊन मोजायचं नाही, उपासना संपल्यावर तिथेच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं आणि वहीत दोघांच्या सह्या. चेकवर दोन सह्या. वर्षातून एकदा हिशोब वाचून दाखवायचा, सूचना फलकावर लावायचा, आणि कुणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यायचं, त्याच्यासाठी प्रार्थना ठेवायची नाही. जमिनीचे उतारे एका फाईलमध्ये आणि ती फाईल एकाच्या कपाटात नाही.

आणि एका बाबतीत तर निवड आपल्या हातातच नाही. संडेस्कूलमध्ये, कॅम्पमध्ये, होस्टेलमध्ये लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय असला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपण मंडळीतच मिटवू, दोघांना समोरासमोर बसवू, पाळकसाहेब बघतील, यातलं काहीही चालत नाही, अगदी वडीलमंडळाने एकमताने ठरवलं तरी. कुठल्या पोलीस ठाण्याची हद्द लागते आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर, हे दोन्ही संडेस्कूलच्या शिक्षकांना पाठ असायला हवेत. पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेत हे बिल्डिंग फंडाच्या आधी टाका.